सभा सहाव्या मजल्यावर

आमच्या बिल्डिंगमध्ये अध्यक्ष निवडायची एक रीत आहे. जो सभेला हजर नसेल, तो अध्यक्ष. नियमांच्या पुस्तकात हे कुठंही लिहिलेलं नाही, पण पाळलं मात्र इमानेइतबारे जातं. कारण साधं आहे. समोर बसलेला माणूस "मला वेळ नाही हो", "माझी पाठ दुखते", "माझी बदली व्हायचीय" असं काहीबाही सांगून सुटतो. जो समोरच नाही, त्याला नाही म्हणता येत नाही.

आमचे हे असेच अध्यक्ष झाले. खरं तर ते सभेला सगळ्यांच्या आधी जाऊन बसले होते. पण खुर्च्या कमी पडल्या, कुणीतरी यांच्याकडं बघितलं आणि हे उठले. कुणी बघितलं की उठायचं, हा यांचा जन्मजात स्वभाव. घरातल्या दोन खुर्च्या घेऊन परत पोचेपर्यंत टाळ्या वाजूनही गेल्या होत्या. मी म्हटलं, "अहो, परत जा आणि जमणार नाही म्हणून सांगा." तर म्हणाले, "आता टाळ्या वाजवल्यात गं त्यांनी. वाईट दिसेल."

तेव्हापासून दर वर्षी तेच. खाली पार्किंगमध्ये चार टाळकी जमतात, "अध्यक्ष आहेत तेच राहू देत" म्हणतात आणि पांगतात. बाकीचे घरी निवांत लोळत असतात. आमच्या यांना नाही म्हणता येत नाही, हे बिल्डिंगमधल्या लहान पोरालासुद्धा ठाऊक झालंय.

यांचं चष्म्याचं दुकान. म्हणजे दुकान दुसऱ्याचं, हे तिथं डोळे तपासतात. गिऱ्हाइकाला खुर्चीत बसवायचं, काचा बदलत राहायचं आणि विचारायचं, "हे बरं दिसतं की हे?" सगळी हयात हेच विचारण्यात गेली. स्वतःला काय बरं दिसतं, हे सांगायची सवयच राहिली नाही. लोक यांना देवमाणूस म्हणतात. देवाचं ठीक आहे हो, त्याला लिफ्ट लागत नाही.

आमच्या सहा मजली बिल्डिंगची लिफ्ट बंद पडली, त्याला वर्ष व्हायला आलं होतं. लिफ्टवाला आला, मोटर काढून घेऊन गेला. मोटर कारखान्यात पाठवलीय म्हणाला. मग म्हणाला, पार्ट बाहेरून यायचाय. आमच्या कमिटीनं हे ऐकून घेतलं. कमिटी म्हणजे कोण, तर आमचे हे; एक सेक्रेटरी, जो फ्लॅट भाड्यानं देऊन शहराच्या दुसऱ्या टोकाला राहतो; आणि एक खजिनदार, जो बोट दाखवाल तिथं सही करतो. शिवाय एक पगारी मॅनेजर आहे. तो कानाला फोन लावून येतो आणि कानाला फोन लावून जातो. मधल्या वेळात जिन्यातले दिवे जातात, गच्ची गळते, पंप घरघरतो.

लिफ्टच्या दारावर "काम चालू आहे" असा कागद लावला होता. कागद पिवळा पडला, कडा फाटल्या. तेव्हा कमिटीनं काय करावं? कमिटीनं तो कागद नव्यानं छापून, लॅमिनेट करून आणला. आमच्या यांनीच आणला. चांगला जाड, चकचकीत. "आता फाटायचा नाही," असं मला कौतुकानं सांगितलं. मी मशीनवर बसले होते. पायडल मारता मारता मला हसावं की रडावं ते कळेना.

मी तळमजल्यावर राहते आणि घरी शिलाईकाम करते. उसवलेलं शिवून देते, घट्ट झालेलं सैल करून देते. तळमजल्यावरच्या माणसाला लिफ्टची काय पडलीय, असं कुणी म्हणेल. पण माझी लिफ्ट सहाव्या मजल्यावर राहत होती.

तिला सगळे टेलिफोनताई म्हणतात. सगळी नोकरी टेलिफोन एक्स्चेंजमध्ये ऑपरेटर म्हणून झाली. कानाला हेडफोन, समोर तारा, याची लाइन त्याला जोडून द्यायची. आवाज असा, की खडीसाखर विरघळावी. पण त्या आवाजाला हलवणं भल्याभल्यांना जमलं नाही. एकटीच असते. यजमान जाऊन बरीच वर्षं झाली, मुलगा दूरच्या शहरात. रोज दुपारी ती लिफ्टनं खाली यायची आणि माझी बेल वाजवायची. दोनदा, अगदी थोडी थोडी. जणू बेललाही लागू नये. ती बेल ऐकली की मी दार उघडायच्या आधी गॅस पेटवायची. दार उघडलं की ती म्हणायची, "चहा ठेवलास का गं?" ठेवलेला असायचाच. मग मी शिवायची आणि ती बटणं लावून द्यायची. मला ना बहीण, ना नणंद. मनातलं बोलायला ती एकच होती.

मग ती बाथरूममध्ये घसरली आणि कमरेचं हाड मोडलं. ऑपरेशन झालं. डॉक्टर म्हणाले, वॉकर घेऊन सपाटीवर खुशाल चाला, जिना मात्र विसरा. ती घरी आली त्या दिवशी लिफ्टनं वर गेली. त्याच आठवड्यात लिफ्ट बंद पडली. तेव्हापासून ती वरच.

एकदा तपासणीला न्यायची होती तेव्हा चार हमाल आणले. तिला लाकडी खुर्चीत बसवून, ओढणीनं बांधून खाली उतरवली. मी पुढं पुढं चालत होते. प्रत्येक वळणावर खुर्ची तिरकी व्हायची आणि हमाल एकमेकांवर ओरडायचे. तिनं डोळे मिटले ते रस्त्यावर पोचल्यावरच उघडले. मला म्हणाली, "कपाट उतरवतात ना, तसं उतरवलं गं मला." परत वर नेल्यावर तिनं सांगून टाकलं, आता पुन्हा नाही.

मग रोज दुपारी मी वर जायला लागले. माझं वजन काही सांगण्यासारखं नाही. तिसऱ्या मजल्यापर्यंत मी लिफ्टवाल्याला शिव्या घालायची, तिसऱ्याच्या पुढं माझ्या नवऱ्याला. सहाव्या मजल्यावर पोचेपर्यंत दोघांच्याही शिव्या संपलेल्या असायच्या. वर पोचून बेल वाजवली की आतून वॉकरचा टक् टक् आवाज यायचा. त्या आवाजाची मला सवय होऊ लागली होती, आणि त्याचाच मला राग यायचा.

एके दुपारी ती बटणं लावता लावता म्हणाली, "महिनाअखेर मुलगा यायचाय. मला घेऊन जातो म्हणतोय."

"चार दिवस राहून या की," मी म्हटलं.

"चार दिवस नाही गं. हे घर विकायचं म्हणतोय."

मी सुई खाली ठेवली.

"त्याचं चुकत नाही," ती म्हणाली. "उद्या मला काही झालं तर इथं डॉक्टरसुद्धा धापा टाकत येणार. सून चांगली आहे. खोली देतील, टीव्ही देतील. फक्त..." तिनं दोरा दातानं तोडला. "तिथं मी कुणाचीच बेल वाजवू शकणार नाही ना. तिथं मला कोण ओळखतंय?"

ती रडली असती तर बरं झालं असतं. ती दुसरं बटण शोधायला लागली.

मी खाली आले ती तणतणत. हे नुकतेच दुकानातून येऊन पाय धूत होते. मी बाथरूमच्या दारातच उभी राहिले.

"तुमच्या देवपणापायी माझी ताई चाललीय," मी म्हटलं. "घर विकून चाललीय. आता ती पाटी सोन्याची करून लावा लिफ्टवर."

"लिफ्टवाल्याला मी परवाच फोन केला होता गं. तो म्हणाला, पार्ट..."

"पार्ट, पार्ट! गेलात का कधी त्याच्या दुकानात? विचारलंत का, बाबा, कुठला कारखाना, कुठला पार्ट?"

"असं दारात जाऊन विचारलं की संशय घेतल्यासारखं होतं. त्याला वाईट वाटेल."

मग माझा तोल गेला. मी त्यांच्या डोळ्यांसमोर आधी एक हात धरला, मग दुसरा. "लिफ्टवाल्याला वाईट वाटलेलं बरं दिसतं, की ताई गेलेली बरी दिसते? हे बरं की हे? सांगा ना. आज तुम्ही सांगा."

 ते चष्मा काढून पंच्यानं पुसत राहिले. चष्मा काढला की त्यांचा चेहरा अगदी उघडा पडतो, आणि मला माझ्याच बोलण्याची लाज वाटायला लागली. पण शब्द मागं घेतले नाहीत. काही शब्द बाहेरच असलेले बरे.

जेवताना ते म्हणाले, "मला रागावता येत नाही. लहानपणापासून येत नाही. माझ्या जागी दुसरं कुणीतरी हवं."

"तुमच्या जागी कोण येतंय?"

"यायला लागेल," ते म्हणाले. "वार्षिक सभा आहे ना. या वेळी पार्किंगमध्ये नको, वर घेऊ. ताईंच्या घरी. मला बोलता येत नाही, पण जिना बोलेल."

मी घास हातातच धरून त्यांच्याकडं बघत राहिले. इतक्या वर्षांच्या संसारात या माणसानं मला न विचारता ठरवलेली ही पहिली गोष्ट.

दुसऱ्या दिवशी खाली नोटीस लागली. वार्षिक सभा रविवारी सकाळी, सहावा मजला. विद्यमान अध्यक्ष पद सोडत आहेत. नवीन अध्यक्षाची निवड आपल्या नेहमीच्या पद्धतीनं होईल.

"नेहमीच्या पद्धतीनं" वाचलं मात्र, बिल्डिंगमध्ये धावपळ उडाली. म्हणजे जो येणार नाही तो गेला! कुणी गावाला जायचं रद्द केलं, कुणी पाहुण्यांना पुढच्या रविवारी बोलावलं. शहराच्या दुसऱ्या टोकाचा सेक्रेटरी, ज्याचं तोंड आम्ही फोटोत बघायचो, तो सकाळी सगळ्यांच्या आधी गेटवर हजर.

रविवारी मी ताईकडं आधीच जाऊन बसले होते. तिनं ठेवणीतले कपडे घातले होते, केस नीट विंचरले होते. दार सताड उघडं ठेवून ती आणि मी जिन्यातले आवाज ऐकत होतो. आधी बोलण्याचे, हसण्याचे आवाज आले. चौथ्या मजल्याशी बोलणं थांबलं. पाचव्याशी नुसते श्वास. मग एकेक जण दारात उगवायला लागला. कुणी चौकट धरून, कुणी छाती धरून. खजिनदार तर "नमस्कार" म्हणायचा प्रयत्न करत थेट ताईच्या पलंगावर आडवा झाला. मॅनेजरनं पहिल्यांदाच कानावरचा फोन काढला, कारण बोलायला दम नव्हता.

"या, या," ताई म्हणत होती. "किती दिवसांनी घर भरलं माझं!"

ती हे खरंच आनंदानं म्हणाली. त्यात टोमणा नव्हता, म्हणून तर सगळ्यांना तो लागला. इतक्या महिन्यांत माझ्याशिवाय त्या घरात कोण आलं होतं? दूधवाला पिशवी पाचव्या मजल्यावर ठेवून जायचा आणि पाचव्यावाले ती वर आणून द्यायचे. सेक्रेटरीनं खिडकीतून खाली बघितलं आणि म्हणाला, "बरंच उंच आहे हो." जणू बिल्डिंग कालच बांधली होती.

सभा सुरू झाली. यांनी राजीनामा वाचला. आणि मग सगळा घोटाळा झाला. हजेरी घेतली तर सगळेच हजर! एकही घर सुटलेलं नाही. बिल्डिंग उभी राहिल्यापासून असं कधी झालं नव्हतं. आता निवडायचं कुणाला? सगळे जमिनीकडं बघायला लागले. खजिनदार उठून बसला होता, तो परत आडवा झाला.

  मी यांच्याकडं बघितलं. यांची मान खाली गेली होती आणि मला कळून चुकलं, की आता कुणीतरी यांच्याकडं बघणार आणि हे उठणार.

एवढ्यात तिसऱ्या मजल्यावरचा थट्टेखोर न्हावी म्हणाला, "थांबा, थांबा. ताई कुठायत?"

ताई स्वयंपाकघरात गेली होती. लोकांना पाणी कमी पडलं म्हणून वॉकर सरकवत दुसरी घागर बघायला.

"आत आहेत," मी म्हटलं.

"म्हणजे सभेत नाहीत," न्हावी म्हणाला. "म्हणजे गैरहजर!"

एकच हशा पिकला. सुटल्याचा हशा होता तो. कुणीतरी अनुमोदन म्हणालं, टाळ्या वाजल्या. माझ्या अंगाची लाही लाही झाली. ज्या बाईला या लोकांनी माळ्यावर टाकून दिल्यासारखं ठेवलं, तिच्याच घरात बसून तिचीच थट्टा! मी उठून तोंड उघडणार, तोच आतून टक् टक् करत वॉकर दारात आला.

"टाळ्या कसल्या?" ताईनं विचारलं.

हे उभे राहिले. "ताई, त्यांनी तुम्हाला अध्यक्ष केलंय. थट्टेत केलंय. तुम्ही नाही म्हणा. चालतं." मग किंचित थांबून म्हणाले, "म्हणजे, मला कधी जमलं नाही, पण म्हणता येतं."

ताईनं सगळ्या चेहऱ्यांवरून नजर फिरवली.

"नाही कशाला?" ती म्हणाली. "मला चालेल."

हशा बंद झाला. "मला चालेल" हे शब्द आमच्या सभेत आजवर कुणी उच्चारले नव्हते.

"फक्त एक अडचण आहे," ती त्या खडीसाखरेच्या आवाजात म्हणाली. "मला खाली येता येत नाही. तेव्हा सह्या असोत, सभा असोत, तक्रारी असोत, सगळ्यांना वर यावं लागेल. लिफ्ट चालू होईपर्यंत. पुढची सभा येत्या रविवारी. आणि दर रविवारी. जो येणार नाही..." ती गोड हसली. "आपली रीत आहेच."

न्हाव्यानं कपाळाला हात लावला.

त्या दुपारी तिनं माझ्यासमोर मुलाला फोन केला. "घर विकायचं नाही," म्हणाली. "मी आता अध्यक्ष आहे. मला वेळ नाही." पलीकडून तो बराच वेळ बोलत होता. मग तिचा आवाज उतरला. "बरं," म्हणाली. फोन ठेवून मला म्हणाली, "तो म्हणतो, महिनाअखेर मी येईन. लिफ्ट चालू असली तर आई, तू जिंकलीस. नसली तर मुकाट्यानं बॅग भरायची. मी हो म्हटलंय."

मी खाली उतरताना प्रत्येक मजल्यावर थांबले. दमले म्हणून नाही. भीती वाटली म्हणून.

नव्या अध्यक्षांनी पहिलं काम नेमून दिलं ते माजी अध्यक्षांना. "लिफ्टवाल्याच्या दुकानात जा," ती यांना म्हणाली. "रागवायचं नाही, भांडायचं नाही. तुमचा धंदाच बघण्याचा. नुसतं बघून या."

हे गेले. बघितलं. आमची मोटर कारखान्यात गेलीच नव्हती. त्या दुकानाच्या कोपऱ्यात गोणपाटाखाली पडून होती. कुणी विचारायलाच येत नाही म्हटल्यावर दुसऱ्यांची कामं पुढं आणि आमचं मागं, असं करत ती तिथंच राहिली. वर्षभर! कपबशा ठेवायला तिचा उपयोग होत होता.

यांनी तिथूनच ताईला फोन केला. "ताई, मोटर इथंच आहे."

"मग तुम्हीही तिथंच बसा," ताई म्हणाली.

आणि हे बसले. दुकानातून रजा घेऊन रोज जाऊन बसायला लागले. भांडण नाही, शब्द नाही. लिफ्टवाल्यानं यांच्याकडं बघितलं. पुन्हा बघितलं. दिवसभर बघत राहिला. पण आमचे हे उठले नाहीत. मला हे कळलं तेव्हा माझ्या हातातली कात्री थांबली. कुणी बघितल्यावरही हा माणूस उठला नाही, हे लग्न झाल्यापासून मी पहिल्यांदाच ऐकत होते.

इकडं ताई रोज सकाळी लिफ्टवाल्याला फोन लावायची. "नमस्कार, सहाव्या मजल्यावरून बोलतेय. आज काय काम होणार?" तो काहीतरी सांगायचा आणि गप्प व्हायचा. पण ऑपरेटर कधी आधी फोन ठेवत नाही. ती लाइनवर तशीच थांबायची, शांत, श्वास ऐकू येईल एवढी. शेवटी त्यालाच बोलावं लागायचं. दर सहीसाठी तो स्वतः सहा मजले चढून यायचा. तिसऱ्या खेपेला म्हणाला, "ताई, पाणी द्या आणि माफ करा."

महिनाअखेर आली. मुलाची गाडी दुपारी यायची होती. सकाळपासून लिफ्टच्या खड्ड्यात माणसं होती, ठोकाठोक चालली होती. हे तिथंच उभे होते. मी एका झग्याची शिवण तीनदा उसवली. चौथ्यांदा सुरू केली आणि मशीनवर डोकं टेकलं. मनात म्हटलं, झालं. आता बॅग भरायला वर जायचं.

तेव्हा बेल वाजली. दोनदा. अगदी थोडी थोडी.

माझा पाय पायडलवरच राहिला. मी दाराकडं धावले, मग परत स्वयंपाकघराकडं, मग दाराकडं. दार उघडलं. ताई वॉकर धरून उभी होती. तिच्या मागं हे लिफ्टचं दार पायानं अडवून उभे होते, कारण अजून त्यांचा लिफ्टवर भरवसा नव्हता. त्यांच्या हातात ती लॅमिनेट केलेली पाटी होती.

"चहा ठेवलास का गं?" ताई म्हणाली.

नव्हता ठेवला. मी दारातच उभी राहून, तोंडाला पदरही न लावता, भडाभडा रडले. ताईनं वॉकर एका बाजूला सरकवला, माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि माझा आधार घेऊन आत आली.

चहा शेवटी यांनी केला. कमी गोड करू की जास्त, हे कुणालाही न विचारता केला.